डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल : गुरूच्या शोधात

गणेशोत्सव आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे प्रवेश हे आपल्याकडे साधारण आगेमागेच येतात. मंडळातल्या कुणा ना कुणाच्या घरचा मुलगा किंवा मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला लागते. पेढे वाटून होतात आणि मग आरतीनंतरच्या गप्पांत आईवडील हळूच चौकशी करू लागतात, की ॲनाटॉमी समजावून सांगणारे कुणी ओळखीचे आहे का? जाडजूड ग्रंथ, हाडांचा संच, तोंडात न बसणारी शेकडो लॅटिन नावे आणि त्यात विच्छेदनाच्या खोलीतला तो पहिला दिवस! बारावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलेही इथे गांगरून जातात. परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ओळखीचा माणूस शोधण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

शरीररचना शिकायला गुरू शोधण्याची ही धडपड नवी नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुण मुलीने असाच शोध घेतला होता. तिच्यासमोर अडचण नुसती अभ्यासाची नव्हती. ती स्त्री असल्यामुळे तिला शिकवायलाच कुणी तयार नव्हते. त्या मुलीचे नाव एलिझाबेथ ब्लॅकवेल. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. तिची ही कथा आपल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनीही माहीत करून घ्यावी अशी आहे.

एलिझाबेथचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात झाला. वडील सॅम्युअल ब्लॅकवेल यांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. माणूस धार्मिक वृत्तीचा, पण विचाराने त्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. गुलामगिरी नष्ट व्हावी असे मानणारा. मुलींनाही मुलांच्या बरोबरीने शिकवले पाहिजे या मताचा, आणि ते मत घरात प्रत्यक्ष पाळणारा. धंद्यात खोट आल्यावर १८३२ साली हे मोठे कुटुंब जहाजाने अमेरिकेला गेले. प्रथम न्यूयॉर्कच्या परिसरात आणि मग १८३८ मध्ये सिनसिनाटीला बिऱ्हाड हलले. तिथे पोचून काही महिने होतात न होतात तोच वडील वारले. घरात रोख शिल्लक जवळजवळ नाही, भोवती नऊ मुले आणि परका मुलूख. आई आणि मोठ्या मुलींनी घरातच शाळा काढली आणि संसार सावरला. एलिझाबेथ तेव्हा १७ वर्षांची होती. नोकरीधंद्यासाठी घरदार सोडून दूर आलेल्या आपल्या पिढ्यांना या प्रसंगाची कल्पना सांगून द्यायला नको.

आता गंमत अशी, की या मुलीला वैद्यकाची मुळीच आवड नव्हती. आवड सोडाच, तिला शरीराशी संबंधित प्रत्येक गोष्टीची किळस होती. शाळेत असताना रचना दाखवण्यासाठी एकदा बैलाचा डोळा वर्गात आणला होता, तो पाहून तिला इतकी शिसारी आली की ती आठवण जन्मभर राहिली. तिचा ओढा इतिहास आणि तत्त्वज्ञान यांकडे. आजारी पडणे म्हणजे जणू कमीपणा, असे तिला वाटे, आणि आपले दुखणे ती लपवीत असे.

तिचे मन वळवले ते एका आजारी मैत्रिणीने. त्या बाईंना स्त्रियांच्या नाजूक दुखण्यांपैकी एक असाध्य दुखणे होते. पुरुष डॉक्टरसमोर सगळे सांगण्याचा आणि तपासून घेण्याचा संकोच हा त्यांच्या यातनांचा मोठा भाग होता. त्यांनी एलिझाबेथला सुचवले, की तुला बुद्धी आहे, आरोग्य आहे, मग तूच डॉक्टर का होत नाहीस? एलिझाबेथने तो विचार झटकून टाकला. पण तो पुन्हा पुन्हा मनात येऊ लागला. तिने ओळखीच्या डॉक्टरांना पत्रे लिहिली. बहुतेकांची उत्तरे सारखीच आली. कल्पना चांगली आहे, पण अशक्य आहे. खर्च फार आहे, आणि स्त्रीला शिकवणारे महाविद्यालय अस्तित्वात नाही. या अशक्य शब्दानेच बहुधा तिचा निश्चय पक्का केला.

पहिला प्रश्न पैशाचा. शिक्षणाला सुमारे ३,००० डॉलर लागतील असा तिचा अंदाज होता. १८४५ साली ती नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल गावी संगीतशिक्षिका म्हणून गेली. ती नोकरी तिने निवडली त्यामागे एक हिशेब होता. शाळेचे प्रमुख रेव्हरंड जॉन डिक्सन हे धर्मोपदेशक होण्यापूर्वी डॉक्टर होते. त्यांच्या घरी वैद्यकाची पुस्तके होती. दिवसा मुलींना पियानो शिकवायचा आणि उरलेल्या वेळात ती पुस्तके वाचायची, असा क्रम सुरू झाला. पुढच्या वर्षी ती चार्ल्स्टनला त्यांचे बंधू डॉ. सॅम्युअल डिक्सन यांच्याकडे राहिली. हे नावाजलेले वैद्य. त्यांनी तिला वाचनाची दिशा दिली. हे तिचे पहिले दोन गुरू. पण हे सारे शिक्षण पुस्तकी होते. शरीराची रचना डोळ्यांनी पाहून, हाताने उलगडून शिकण्याची सोय तिथे नव्हती.

ॲशव्हिलमध्ये तिने स्वतःच एक प्रयोग करून पाहिला होता. एक मेलेला भुंगेरा मिळाला. तो शिंपल्यात ठेवला, केसांतल्या आकड्याने टोचून धरला आणि छोट्या चाकूने कापायला घेतले. पण हात पुढे होईना! मन घट्ट करून शेवटी कापले, तेव्हा आत थोडी पिवळसर भुकटी निघाली. पुढे जिने शेकडो रुग्ण तपासले, तिचे पहिले विच्छेदन हे असे झाले. ॲनाटॉमीच्या पहिल्या दिवशी चक्कर आलेल्या मुलांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

१८४७ साली साठवलेले पैसे घेऊन ती फिलाडेल्फियाला आली. अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाचे ते सर्वांत मोठे केंद्र होते. तिथल्या महाविद्यालयांचे उंबरठे तिने एकेक करून झिजवले. काही प्राध्यापक हसले, काहींनी गोड बोलून वाटेला लावले. एकाने तर कबूलच केले, की उद्या तुम्ही आमचेच रुग्ण न्याल, तर आम्ही तुमच्या हाती काठी का द्यावी? पुरुषाचा वेष घेऊन पॅरिसला जा, असा सल्लाही तिला गंभीरपणे देण्यात आला. तो तिने साफ नाकारला. चोरून डॉक्टर व्हायचे नव्हते. स्त्री म्हणून, उघडपणे व्हायचे होते, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे राहील.

मात्र प्रवेश मिळेपर्यंत हात जोडून बसायचे नाही, हेही तिने ठरवले होते. त्या काळी मोठ्या शहरांत महाविद्यालयांखेरीज शरीररचना शिकवणाऱ्या खाजगी शाळा असत. आजच्या भाषेत खाजगी शिकवणीच म्हणा ना! फिलाडेल्फियात डॉ. ॲलन यांची अशी शाळा होती. एलिझाबेथने त्यांच्याकडे विचारणा केली आणि त्यांनी तिला शिकवायचे मान्य केले.

या डॉ. ॲलन यांचे मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. नव्या विद्यार्थ्याच्या मनात किळस असते, भीती असते, हे ते जाणून होते. त्यांनी तिला थेट संपूर्ण देहासमोर उभे केले नाही. पहिल्या धड्यासाठी त्यांनी निवडले ते माणसाचे मनगट. फक्त मनगट.

मनगटच का? आपणही करून पाहावे. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग डाव्या हाताने धरा आणि उजव्या हाताची बोटे हलवा. हालचाल बोटांत दिसते, पण आतले स्नायू कोपराखाली सरकताना जाणवतात. बोटे जोराने वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते वर असतात आणि दोऱ्यांसारख्या लांब कंडरांनी बोटे ओढतात, अगदी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यासारखे. मनगटात आठ छोटी हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. त्यांच्या कमानीवर तळहाताच्या बाजूने एक मजबूत आडवा पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याखालच्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा व एक महत्त्वाचा मज्जातंतू दाटीवाटीने, तरीही एकमेकांत न गुंतता जातात. मज्जातंतूवर दाब येऊन बोटांना मुंग्या येण्याचा कार्पल टनेल नावाचा विकार आपण ऐकतो, तो याच बोगद्यातला. तबल्यावर फिरणारी बोटे काय किंवा रांगोळीची रेघ ओढणारी बोटे काय, सगळा कारभार या दोन बोटे रुंद जागेतून चालतो.

एलिझाबेथने ती रचना पाहिली आणि थक्क झाली. तिची दृष्टी कलावंताची होती. त्या पांढऱ्या चकचकीत कंडरांची मांडणी तिला सुंदर वाटली. बैलाचा डोळा पाहून शिसारी आलेल्या त्याच मुलीच्या मनात आता मानवी देहाबद्दल आदर निर्माण झाला, आणि तो कायमचा राहिला. डॉ. ॲलन यांच्या या समजूतदारपणाचे ऋण तिने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात आवर्जून मानले आहे. नुसती माहिती तर पुस्तकातही असते. विद्यार्थ्याला कुठून आत न्यायचे, कोणते दार आधी उघडायचे, हे कळतो तो शिक्षक.

दरम्यान मोठ्या महाविद्यालयांकडून नकारच आले. मग तिने लहान गावांतली बारा महाविद्यालये निवडून तिथे अर्ज पाठवले. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा नावाच्या गावातून २० ऑक्टोबर १८४७ या तारखेचे होकाराचे पत्र आले. त्यामागची हकिगत मजेदार आहे. नकार देण्याची जबाबदारी नको म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला होता आणि अट घातली होती एकमताची. एकाने जरी विरोध केला तरी प्रकरण निकालात निघणार होते. विद्यार्थ्यांना वाटले, कुणीतरी थट्टा केली आहे. त्यांनी हसतखिदळत हात वर केले. एकट्यादुकट्याने केलेला विरोध बाकीच्यांनी दंडेलीने बंद पाडला. आणि काही दिवसांनी ती मुलगी खरोखरच वर्गात येऊन बसली! म्हणतात, की नेहमी गोंगाट करणारा तो वर्ग त्या दिवशी चिडीचूप झाला.

इथे तिला दुसरे शरीरशास्त्राचे गुरू मिळाले, प्राध्यापक जेम्स वेबस्टर. सुरुवातीला विच्छेदनाच्या खोलीत तिला घ्यावे की नाही याबद्दल चलबिचल होती. वेबस्टर यांनी मात्र तिचे मनापासून स्वागत केले, आणि मुख्य दालनाशेजारच्या एका छोट्या खोलीत, काही शांत स्वभावाच्या विद्यार्थ्यांबरोबर तिच्या विच्छेदनाची व्यवस्था केली. पण प्रजननसंस्थेच्या व्याख्यानाची वेळ आली तेव्हा याच वेबस्टरसाहेबांचा धीर सुटला. त्या दिवशी तिने वर्गात येऊ नये, असे त्यांनी तिला कळवले. तिने शांतपणे उत्तर लिहिले, की आपण गंभीर हेतूने शिकायला आलो आहोत आणि आपल्याकडे एक विद्यार्थी म्हणूनच पाहिले जावे. सरांना अडचण वाटत असेल तर आपण मागच्या ओळीत बसू. आणि वर्गाचीच इच्छा असेल, तर आपण येणार नाही. वेबस्टर मोठ्या मनाचे. ते पत्र त्यांनी भर वर्गात वाचून दाखवले आणि तिच्या भूमिकेचे कौतुक केले. विद्यार्थ्यांनीही मान्यता दिली. दाराबाहेर थांबलेली एलिझाबेथ आत आली आणि आपल्या जागेवर बसली. शिष्याने गुरूला शिकवावे आणि गुरूने ते सर्वांसमोर मान्य करावे, असा हा प्रसंग.

गावात मात्र वातावरण वेगळे होते. बायका रस्त्यात थांबून तिच्याकडे टक लावून पाहात. तिच्याशी बोलणे टाळत. तिने मान खाली घालून अभ्यास केला. सुट्टीत फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली अनाथालयाच्या रुग्णालयात काम केले. आयर्लंडच्या दुष्काळातून पळून आलेल्या, जहाजावरच्या दाटीत टायफसच्या तापाने पछाडलेल्या निर्वासितांची तिने शुश्रूषा केली आणि त्याच विषयावर प्रबंध लिहिला. २३ जानेवारी १८४९ रोजी तिला पदवी मिळाली. अमेरिकेचा इतिहास त्या दिवशी बदलला. पण तेवढ्याने दार सताड उघडले असे नाही. तिची धाकटी बहीण एमिली हिने काही वर्षांनी अर्ज केला तेव्हा त्याच जिनिव्हा महाविद्यालयाने तिला प्रवेश नाकारला! एमिलीला १८५४ साली क्लीव्हलँडहून पदवी घ्यावी लागली.

डॉ. एलिझाबेथ यांना आता शल्यचिकित्सक व्हायचे होते. अनुभवासाठी त्या पॅरिसला गेल्या. पदवी हाती असूनही ला मॅटर्निटे या प्रसूतिगृहात त्यांना शिकाऊ सुईणींबरोबर राहावे लागले. नोव्हेंबर १८४९ मध्ये एका तान्ह्या बाळाचे संसर्ग झालेले डोळे धुताना दूषित पाणी उडून त्यांच्याच डोळ्यात गेले. महिनोन्महिने उपचार झाले, पण डाव्या डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच. तो डोळा पुढे काढावा लागला. मनगटातली नाजूक रचना पाहून ज्यांनी शस्त्र हाती घेण्याचे स्वप्न पाहिले, त्यांचे ते स्वप्न २८ व्या वर्षी संपले. त्या खचल्या असतील, पण थांबल्या नाहीत. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात डॉ. जेम्स पॅजेट यांच्या आधाराने त्यांनी पुढचा अनुभव घेतला. तिथे बहुतेक सारे विभाग त्यांना खुले होते. बंद होता तो नेमका स्त्रीरोगांचा विभाग! याच काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी त्यांची मैत्री झाली.

१८५१ साली त्या न्यूयॉर्कला परतल्या. पाटी लावायला जागा मिळेना, रुग्ण फिरकेनात. मग त्यांनी गरीब वस्तीत १८५३ साली छोटा दवाखाना काढला. १८५७ मध्ये बहीण एमिली आणि डॉ. मारी झाक्रझेव्हस्का यांच्यासह गरीब स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय सुरू केले. तिथे उपचार करणाऱ्या सगळ्या डॉक्टर स्त्रियाच. १८६८ मध्ये रुग्णालयाला जोडून स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आपल्याला गुरू मिळवण्यासाठी जे सोसावे लागले ते पुढच्या मुलींना लागू नये, ही त्यामागची तळमळ. प्रवेशपरीक्षा, तीन वर्षांचा क्रमवार अभ्यास आणि आरोग्यशास्त्राचा स्वतंत्र विषय ही त्या संस्थेची वैशिष्ट्ये होती. १८९९ साली कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा काम झाले म्हणून ही संस्था बंद करण्यात आली. संस्था बंद होणे हेच तिचे यश, असे क्वचित घडते.

त्यांची सगळीच मते काळावर टिकली असे नाही. लसीकरणाविषयी त्या साशंक होत्या आणि नव्या जंतुशास्त्राचे महत्त्व त्यांनी पुरते मानले नाही. थोरांच्या चरित्रात हेही असते. स्वच्छता, शुद्ध हवा आणि रोगप्रतिबंध यांवरचा त्यांचा भर मात्र आजही तितकाच खरा आहे.

१८६९ मध्ये त्या कायमच्या इंग्लंडला गेल्या. १८७४ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. त्या कामात डॉ. ब्लॅकवेल सहभागी होत्या आणि तिथे स्त्रीरोगशास्त्राचे अध्यापकपदही त्यांच्याकडे आले. लग्न त्यांनी केले नाही. १८५४ मध्ये दत्तक घेतलेली अनाथ मुलगी किटी बॅरी हिने त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. ३१ मे १९१० रोजी हेस्टिंग्ज येथे त्यांचे निधन झाले. स्कॉटलंडमधील किलमन या गावी त्यांची समाधी आहे.

आता या कथेचा धागा आपल्यापर्यंत कसा येतो ते पाहा. ज्या फिलाडेल्फियाने १८४७ साली एलिझाबेथला नकार दिला, त्याच शहरात १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आणि १८८३ साली तिथे शिकायला गेली एक नऊवारीतली मराठी मुलगी, आनंदीबाई जोशी. पतीच्या टपाल खात्यातल्या बदल्यांमुळे भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा मुलूख पाहिलेली. म्हणजे महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड मांडणाऱ्या आपल्यासारख्यांचीच ती लेक. कलकत्त्याहूनच ती जहाजाने निघाली आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी क्षयाने तिचे निधन झाले. बालपणी लादलेला विवाह नाकारून न्यायालयात लढलेल्या मुंबईच्या रखमाबाई शिकल्या त्या लंडनच्या, डॉ. ब्लॅकवेल यांचा हातभार लागलेल्या विद्यालयात. १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. सुरत-राजकोटच्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळाली, त्या साखळीची एक कडी फिलाडेल्फियातल्या त्या मनगटाच्या धड्याशी जाऊन पोचते.

आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांना दाराबाहेर कुणी थांबवत नाही. पण पहिल्या वर्षाची भीती तीच आहे, आणि ती घालवणारा माणूस लागतोच. आपल्या मंडळात निवृत्त डॉक्टर आहेत, रुग्णालयांत काम करणारे सहकारी आहेत, एकदोन वर्षे पुढे गेलेली मुलेही आहेत. त्यांनी आठवड्यातला एक तास दिला, तर पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीचे पुस्तक उघडून तिच्याच हाताची बोटे हलवून दाखवता येतील. डॉ. ॲलन यांनी तरी याहून वेगळे काय केले होते?

आरंभाला वंदन करायचे ते विद्येच्या देवतेला आणि त्यानंतर लगेच गुरूला, ही आपली रीत आहे. यंदाच्या उत्सवात आपल्या नव्या विद्यार्थ्यांना दोघांचाही आशीर्वाद लाभो.